ती काही परत यायची नाही

पार्लरवाली बरी झाली, ही बातमी तिच्याआधी सगळ्या गल्लीला कळली. "वाचली बाई, अगदी ठणठणीत होऊन आली," असं खाली बेकरीत पाव घेता घेता बोललं जात होतं, तेव्हा ही बाई दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घरात पलंगाच्या कडेला बसून गाऊनच्या वरच्या बटणाशी झुंजत होती, आणि बटण जिंकत होतं.

तिचं पार्लर त्याच गल्लीच्या टोकाला होतं. दोन खुर्च्या, दोन आरसे, केस धुवायचं एक बेसिन आणि मागे टॉवेल वाळत घालायची अरुंद खोली. एवढ्या जागेत तिनं अर्धं आयुष्य उभ्यानं काढलं होतं. "मला बसायची सवयच नाही," असं ती मोठ्या तोऱ्यात सांगायची. बसायची सवय नव्हती तशी पाणी प्यायचीही नव्हती. कारण त्या ओळीतल्या सगळ्या दुकानांचं मिळून एकच बाथरूम, ते जिन्यामागे, आणि किल्ली शेजारच्या चष्मेवाल्याकडे. दर वेळी त्याच्याकडे जाऊन किल्ली मागायची म्हणजे सगळ्या गिऱ्हाइकांदेखत जाहिरात. त्यापेक्षा पाणीच प्यायचं नाही, असा सोपा मार्ग तिनं काढला होता. कंबर दुखली की वेदनाशामक गोळी घ्यायची आणि कात्री चालू ठेवायची.

मग एकदा ताप आला. तो तिनं अंगावर काढला. थंडी वाजायला लागली, तर दुकानात स्वेटर घालून उभी राहिली. शेवटी एका बाईचं डोकं धुता धुता ती बेसिनच्या बाजूला कोसळली. त्या बाईच्या डोळ्यांवर फेस होता. तिला वाटलं, शाम्पू मुरायला ठेवलाय. ती बिचारी बराच वेळ तशीच मान मागे टाकून, आपल्या सुनेच्या तक्रारी सांगत राहिली.

लघवीतलं इन्फेक्शन रक्तात उतरलं होतं. ब्लडप्रेशर पार खाली गेलं आणि दोन्ही किडन्यांनी काम टाकलं. तिला व्हेंटिलेटरवर ठेवलं, डायलिसिस सुरू केलं. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. बंद पडलेलं काहीही समोर आलं की आधी झाकण उघडून आत बघायचं, ही त्याची आयुष्यभराची सवय. इथे मात्र त्याला काचेबाहेर बसवलं होतं आणि डॉक्टर येता-जाता "आत्ताच काही सांगता येत नाही" एवढंच म्हणत होते.

कित्येक आठवड्यांनी एका सकाळी नर्सनं त्याला आत बोलावलं आणि पलंगाखाली लटकवलेल्या पिशवीकडे बोट दाखवलं. तळाशी थोडंसं पिवळं पाणी साचलं होतं. हा माणूस एरवी फोनवर "हां" आणि "येतो" यापलीकडे जात नसे. पण त्या दिवशी त्यानं आठवेल त्या नातेवाइकाला फोन लावला.

"झाली!" तो ओरडायचा.

"अरे, काय झाली?"

"लघवी! हिला लघवी झाली!"

घरी आल्यावर पार्लरवालीला जो तो याच गोष्टीबद्दल शाबासकी द्यायला लागला. चष्मेवाल्यानंसुद्धा खाली मान घालून अभिनंदन केलं. ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, माझ्या दहावीच्या निकालाचं एवढं कौतुक झालं नव्हतं. तेव्हा मी जास्त मेहनत केली होती."

तिच्या बरं होण्याचा कारभार नवऱ्यानं हातात घेतला. घरी आली तेव्हा किडन्या अजून पुरत्या चालू नव्हत्या आणि पाणी मोजून द्यायचं होतं, म्हणून त्यानं घरातले सगळे ग्लास माळ्यावर टाकले. किडन्या नीट चालू झाल्यावर डॉक्टरांनी पाणी प्यायला सांगितलं, तर हा बाटली घेऊन तिच्यामागे घरभर फिरायला लागला. मीठ कमी करायचं होतं, तर मिठाची बरणीच नाहीशी झाली. "मीठ कुठंय?" असं तिनं विचारलं, तर उत्तर आलं, "पान्यांच्या पिशवीत. पिशवी माझ्याबरोबर कामावर जाते." जुनी वेदनाशामक गोळी तर तिनं नुसती आठवण काढली तरी तो दचकायचा.

शरीर मात्र तिचं ऐकत नव्हतं. पायांत जोर नव्हता, बोटांत नव्हता. काल कोण येऊन गेलं ते आठवायचं नाही. दात घासून झाले की दमून पडावं लागायचं. आणि घरी येऊन महिना-दीड महिना झाल्यावर केस गळायला लागले. कंगव्यात, उशीवर, गाऊनच्या खांद्यावर, सगळीकडे केस. ज्या केसांकडे बघून गल्लीतल्या बायका पार्लरमध्ये शिरायच्या, ते केस! डॉक्टर म्हणाल्या, "मोठ्या आजारानंतर असं होतं, परत येतील." त्यांना सांगायला काय जातंय, असं मनात म्हणत तिनं डोक्याला रुमाल बांधला.

"फायदाच आहे, वहिनी," तिची नणंद म्हणाली. "शाम्पू वाचला."

पार्लरवाली नुसती ओठांनी हसली.

या नणंदेला घरात सगळे छोटी म्हणत. चाळिशी उलटली होती आणि उंची अशी, की टॉवेलच्या खोलीत शिरताना तिला वाकावं लागायचं. तरी ती छोटीच. दातांच्या डॉक्टरकडे सकाळची रिसेप्शनिस्ट होती. एकटी राहायची, भरपूर बोलायची. वहिनी दवाखान्यात पडल्यापासून दुपारनंतर पार्लर तिनंच उघडं ठेवलं होतं, आणि आता रोज संध्याकाळी डबा घेऊन हजर व्हायची. दादाशी भांडायची, वहिनीचे पाय चेपायची, दिवसभराच्या गमती सांगायची. वहिनी म्हणायची, "ठेव तिथं," किंवा "बरं." याहून जास्त काही नाही.

त्याला कारण होतं, आणि ते पार्लरवालीनं कुणालाही सांगितलं नव्हतं.

आयसीयूत असताना तिला नाही नाही ते दिसत होतं. छतावर मासे पोहत होते. एक नर्स नळीतून केसांचा रंग सोडत होती. नवऱ्यानं लिफ्टमध्येच दुसरं लग्न लावलं होतं आणि लिफ्ट मध्येच अडकल्यामुळे वऱ्हाडी खोळंबले होते. हे सगळे भास होते हे तिला नंतर समजलं, आणि ते सांगून तिनं सगळ्यांना पोट धरून हसवलं. नवरा तर वऱ्हाडाचा किस्सा ऐकून म्हणाला, "माझी लिफ्ट अडकणं शक्यच नाही."

पण एक गोष्ट तिच्या लेखी भास नव्हती. पलंगाशेजारी छोटी उभी होती. तिचं निळं स्वेटर, त्याला येणारा दातांच्या दवाखान्यातला लवंगेच्या तेलाचा वास, सगळं खरं होतं. छोटी म्हणाली होती, "सगळं उडवलं. काही शिल्लक राहिलं नाही. आता ती काही परत यायची नाही." आणि मग हसली होती. चांगली खदखदून.

आपल्या मरणाच्या वाटेवर नणंद उभी राहून हसली, हे विसरायचं कसं? घरी आल्यावर तिनं पाहिलं, तर दुकान जागेवर होतं, खुर्च्या होत्या, गल्ल्यालाही काही झालं नव्हतं. मग उडवलं काय, ते तिला कळेना. पण हसणं कानातून जाईना. तोंडावर विचारावं तर पुरावा काय? छतावरच्या माशांचा साक्षीदार कोण मिळणार? म्हणून ती गप्प राहिली आणि "ठेव तिथं" म्हणत राहिली.

जरा ताकद आल्यावर ती तासाभरासाठी दुकानात जायला लागली. नवऱ्यानं कामावरून चाकांचं एक स्टूल आणलं, त्याला स्वतःच्या हातानं ब्रेक बसवला आणि तिला ब्रेकचं दोनदा प्रात्यक्षिक दिलं. त्यावर बसून ती एका गिऱ्हाइकाचे केस कापायची. मग हात थरथरायला लागले की दुसऱ्या खुर्चीत जाऊन झोपायची. गिऱ्हाइकं समजूतदार होती, हळू आवाजात बोलायची. बसल्या बसल्या खिडकीतून रस्ता दिसायचा, आणि रस्त्यावरून एकसारखे केस कापलेल्या बायका जायच्या. कपाळावर आखूड झुलपं, मागे मान उघडी. जणू सगळ्यांना एकाच शाळेत घातलं होतं. हा कुणाच्या हातचा गुण, हे विचारायची गरजच नव्हती. छोटीला तेवढा एकच कट येत होता.

वर्ष होत आलं होतं. एका दुपारी दार उघडून वाचनालयातल्या ग्रंथपाल बाई आत आल्या. पूर्वी नेमानं यायच्या, पण आजारपणानंतर पहिल्यांदाच दिसत होत्या. डोक्यावर टोपी होती. त्यांना पाहताच केर काढत असलेली छोटी झाडू घेऊनच टॉवेलच्या खोलीत शिरली. घाईत वाकायची राहिली, त्यामुळे कपाळ आपटल्याचा आवाज आला.

"तुम्हीच कापणार ना?" ग्रंथपाल बाईंनी कुजबुजत विचारलं. "त्या नाही ना?"

"मीच. बसा मॅडम. बऱ्याच दिवसांनी."

"दिवसांनी कसलं, केस वाढायला वेळ नको का?" त्यांनी टोपी काढली. केस जेमतेम कानाखाली आले होते. "तुम्हाला सांगितलं नाही वाटतं कुणी? मी फक्त टोकं कापायला आले होते. तुमच्या नणंदबाईंनी डावीकडे थोडे कापले. मग उजवीकडे त्यापेक्षा जास्त कापले. मग डावीकडचे जुळवायला गेल्या. असं करत करत वरपर्यंत पोचल्या. सगळं उडवलं हो! काही म्हणजे काही शिल्लक ठेवलं नाही."

पार्लरवालीची कात्री थांबली.

"काय म्हणालात?"

"सगळं उडवलं, म्हटलं. मी पण तशीच. 'परत या दुकानाची पायरी चढणार नाही,' असं सांगून दार आपटून गेले. नंतर कळलं, तुम्ही मशीनवर आहात. मग दार आपटल्याचं वाईट वाटलं. पण केसांचं दुःख वेगळं आणि ते दुःख वेगळं."

पार्लरवालीनं स्टूल गर्रकन वळवलं. "छोटे! बाहेर ये."

छोटी कपाळ चोळत बाहेर आली.

"दवाखान्यात माझ्याजवळ उभी राहून तू हेच सांगत होतीस?"

"कोणतं?"

"सगळं उडवलं, ती काही परत यायची नाही."

छोटीनं ग्रंथपाल बाईंकडे बघितलं. "मग? आल्या का परत? वर्ष झालं की नाही?"

"झालं," ग्रंथपाल बाईंनी कबूल केलं.

"वहिनी, डॉक्टर म्हणाले होते, त्यांच्याशी बोलत राहा, आवाज पोचतो. मी रोज काय बोलणार? दिवसभर कुणाचं काय कापलं तेच सांगायचे."

"आणि हसलीस का?"

"या बाई आरशात बघून म्हणाल्या होत्या, 'हे कान माझेच का?' ते तुला सांगायला गेले आणि हसूच फुटलं. थांबेचना. मग रडायला लागले, तेही थांबेना. शेवटी नर्सनं मला बाहेर काढलं." छोटी मध्येच थबकली. वहिनीचा चेहरा तिनं आता नीट पाहिला. "का गं? तुला काय वाटलं?"

खोटं बोलायची संधी होती. पण आजारानंतर पार्लरवालीला खोटं चटकन सुचत नसे.

"मला वाटलं, माझ्याबद्दल बोलत्येस."

खुर्चीतल्या ग्रंथपाल बाईंनी अर्ध्या ओल्या केसांनी श्वास रोखला. वाचनालयात इतकी शांतता त्यांनी कधी राखली नसेल.

"वर्षभर?" छोटी हळूच म्हणाली. "वर्षभर तू मला अशी समजत होतीस? आणि मी आणलेलं सूप पीत होतीस?"

"बिनमिठाचं होतं. सूडच उगवत्येस असं वाटायचं."

एरवी यावर छोटी खो खो हसली असती. आज तिनं झाडू भिंतीला टेकवला, पर्स उचलली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. डबा आला नाही, पाय चेपले गेले नाहीत, घरात एकाएकी इतकी शांतता झाली की नवऱ्याला भिंतीवरच्या घड्याळाची दुरुस्ती सुचली. फोन केला तर छोटी "कामात आहे, वहिनी" म्हणायची, आणि एवढं तिनं आयुष्यात कधी थोडक्यात आटपलं नव्हतं.

"मी जाऊन येते तिच्याकडे," पार्लरवाली म्हणाली.

"तिच्याकडे लिफ्ट नाही," नवरा म्हणाला. त्याच्या दृष्टीनं विषय संपला होता.

तो कामावर गेल्यावर, छोटी दातांच्या दवाखान्यातून घरी परतायच्या वेळेला, ती निघाली. छोटी तिसऱ्या मजल्यावर राहायची. आजाराआधी पार्लरवाली हे जिने बोलत बोलत चढायची. आता पहिल्या वळणावरच मांड्या लटपटायला लागल्या. कठडा धरून ती उभी राहिली, वर पाहिलं, आणि वर पाहणं ही चूक होती असं ठरवलं. पहिल्या मजल्यावर पायरीवरच बसली. दुसऱ्या मजल्यावर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी दार किलकिलं केलं, तिची अवस्था पाहिली आणि काही न विचारता खुर्ची आणून ठेवली. ती उठली तेव्हा म्हणाले, "खुर्ची इथेच ठेवतो. उतरताना लागेल." वर जाऊन काय बोलायचं ते तिनं चांगलं घोकून ठेवलं होतं. छोटीचं दार गाठेपर्यंत त्यातला एक शब्दही आठवेना, आणि आठवला असता तरी तो बाहेर काढायला श्वास नव्हता.

दार उघडलं. छोटीचा चेहरा पांढरा पडला.

"काय झालं? ताप आला? दादा कुठंय? वहिनी, बोल ना!"

वहिनीनं एक बोट वर केलं. म्हणजे, थांब.

"लघवी होत्ये ना?"

यावर पार्लरवालीला हसू आलं, हसण्यानं खोकला आला, आणि छोटीनं तिला धरून आत नेऊन बसवलं. पाणी दिलं. ते संपल्यावर आणखी दिलं.

"चुकलं माझं," शेवटी पार्लरवाली म्हणाली. "मासे खोटे होते हे कळलं. वऱ्हाड खोटं होतं तेही कळलं. फक्त तुझ्याच बाबतीत मी विचारलं नाही."

"का नाही विचारलंस?"

"भीती वाटली. खरं निघालं असतं तर?"

छोटी खिडकीजवळ जाऊन उभी राहिली. "दादा रोज म्हणायचा, दुकान बंद ठेव. मला कात्री धरता येत नव्हती, हे मला काय माहीत नव्हतं? पण कुलूप लावलं असतं ना, तर आपणच मान्य केल्यासारखं झालं असतं. म्हणून उघडायचे. बायका यायच्या. त्यांनाही दिसत होतं, की ही आपले केस बिघडवणार. तरी बसायच्या. 'काप बाई काहीतरी,' म्हणायच्या." तिनं नाक पुसलं. "आणि तू घरी आल्यावर माझ्याशी बोलेनास. मला वाटलं, गिऱ्हाइकांच्या केसांवरून रागावलीस."

"त्यावरूनही रागावलेच होते," पार्लरवाली म्हणाली. "ते तसले केस कापतात का?"

आता छोटी हसली. अगदी तेच खदखदणं होतं ते. पार्लरवालीनं नीट कान देऊन ऐकलं, आणि तिला कळलं की या बाईला हसताना आणि रडताना वेगळे आवाज काढताच येत नाहीत.

नवऱ्याला कळल्यावर तो तडक आला. बहिणीच्या घरी पोचल्यावर त्यानं आधी जिन्याची रुंदी पावलांनी मोजली आणि इथे लिफ्ट बसू शकते की नाही, याचा विचार करत दोघींना खाली आणलं.

त्यानंतर पार्लरचं काम दोघींत वाटलं गेलं. सकाळी पार्लरवाली, दुपारनंतर छोटी. पार्लरवाली तिला शिकवायला लागली. छोटीला दुसरा कट जमला, त्या आठवड्यात गल्लीतल्या बायका एकमेकींकडे वळून वळून बघत होत्या. बाथरूमची एक किल्ली करून घेतली आणि ती दुकानातच खिळ्याला टांगली. पाण्याची बाटली आरशासमोर, कात्र्यांच्या शेजारी आली.

किडनीच्या डॉक्टरांकडे पुढच्या तपासणीला छोटीच तिच्याबरोबर गेली. डॉक्टरांनी रक्ताचे रिपोर्ट पाहिले, रक्तदाब घेतला, केस परत येतायत ना, झोप लागते का, एकटीनं बाहेर जायला भीती वाटते का, असं सगळं विचारलं. पार्लरवालीनं खरं सांगितलं. केस येतायत, पण कुरळे, कुठून आले कुणास ठाऊक. झोप लागते. भीती वाटते कधी कधी. ताप नसला तरी थर्मामीटर लावते.

"पण किडन्या पूर्वीसारख्या कधी होणार?" तिनं विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "पूर्वीसारख्या होतील असं मी सांगणार नाही. कामावर परत आल्यात, पण अर्ध्या वेळेच्या. त्यांना सांभाळून घ्या. पाणी, रक्तदाब, मीठ, आणि मला विचारल्याशिवाय गोळ्या नाहीत. अशाच राहिल्या तर पुष्कळ वर्षं निभावतील. तपासणी मात्र चुकवायची नाही."

"आणि मी?"

"तुम्हीही थोड्या अर्ध्या वेळेच्या," डॉक्टर म्हणाल्या. "चालेल?"

पार्लरवालीला हे आवडलं नव्हतं, आणि न आवडल्याचं तिनं लपवलंही नाही.

बाहेर आल्यावर छोटी रिक्षा शोधायला लागली. पार्लरवाली म्हणाली, "बसनं जाऊ. थांब्यापर्यंत चालते मी." दोघी सावकाश चालत गेल्या. वाटेत एका भिंतीशी थांबल्या, पुन्हा निघाल्या. थांब्यावरचं बाकडं मोकळं होतं. ऊन बरं होतं. पार्लरवालीनं डोक्यावरचा रुमाल सोडून मांडीवर ठेवला आणि पाय लांब केले.

बस आली. दार उघडलं.

"चल," छोटी उठली.

"बस गं जरा. पुढचीनं जाऊ."

"पुढची कधी येईल कुणास ठाऊक."

"येऊ दे कधीही. मला इथं बरं वाटतंय."

ड्रायव्हरनं दोघींकडे वैतागून बघितलं, हॉर्न वाजवला आणि दार लावून घेतलं. छोटी परत बाकड्यावर बसली आणि दातांच्या दवाखान्यात आज सकाळी एका गृहस्थानं डॉक्टरचंच बोट कसं चावलं, ते पहिल्यापासून सांगायला लागली.